राजकन्येला कुणी विचारलं होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या ईदची गोष्ट. बहिणीच्या घरी शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या आणि दुपारी घर जरा निवांत झालं. माझी कॉलेजात जाणारी भाची खिडकीत मोबाइल घेऊन बसली होती. बघतो तर तिच्या डोळ्यांत पाणी. सणाच्या दिवशी पोरगी रडते म्हटल्यावर मामाचा जीव खालीवर होणारच. विचारलं, "काय झालं गं? कुणाचा फोन होता?" तिनं डोळे पुसले, हसली आणि म्हणाली, "फोन नाही मामू, गेम आहे. ती दोघं वेगळी झाली."

आता गेम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या बंदुका, नाहीतर गाड्यांच्या शर्यती. त्यात कुणी प्रेमात पडतं, वेगळं होतं आणि त्यासाठी कुणी रडतं, हे मला नवीन होतं. जरा असूयाही वाटली. मी तीस वर्षं प्रेमावर कविता लिहितो आहे. कविसंमेलनात दाद मिळते, टाळ्या मिळतात. पण माझ्या कवितेनं कुणी असं खिडकीत बसून रडल्याचं मला तरी आठवत नाही. म्हटलं, हे प्रकरण पाहिलंच पाहिजे. पुढचे काही महिने भाचीला गुरू केलं. काही खेळ तिच्या शेजारी बसून पाहिले, एकदोन स्वतः खेळलो. त्यातून या प्रेमकथांचा जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात करू 1981पासून. जपानमधल्या क्योतो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो नावाचा तरुण चित्रकार नोकरीला होता. कंपनीला पॉपाय या कार्टूनवर खेळ काढायचा होता. पण हक्क मिळाले नाहीत. तेव्हा मियामोतोनं तोच त्रिकोण ठेवून पात्रं बदलली. दांडग्या ब्लूटोच्या जागी गोरिला आला, पॉपायच्या जागी सुतार आणि ऑलिव्हच्या जागी एक तरुणी. ‘डाँकी काँग’ हा तो खेळ. गोरिला तरुणीला पळवून वर नेऊन ठेवतो आणि सुतार पिंपांवरून उड्या मारत, शिड्या चढत तिच्यापर्यंत पोचतो. दोघं भेटली की मध्ये एक बदामी हृदय उमटतं. तेवढ्यात गोरिला तिला उचलून आणखी वर नेतो आणि हृदय दुभंगतं. की पुन्हा शिड्या.

पुढे हाच नायक मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला. 1985 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तो एकामागून एक किल्ले सर करतो आणि सात किल्ल्यांत त्याला हेच कळतं, की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. आठव्या किल्ल्यात ती एकदाची सापडते. ती मिळेपर्यंत तिचा स्वभाव काय, तिला काय आवडतं, याला सोडवायला येणारा हा मिशाळ माणूस तिला मुळात पसंत आहे का, यातलं काहीही आपल्याला कळत नाही. ती शर्यतीच्या शेवटी ठेवलेला करंडक आहे. करंडकाला कुणी विचारतं का, की बाबा रे, तू कुणाच्या घरी जाणार?

यावर हसायची सोय नाही. आपल्या सिनेमांतही नायकानं नायिकेचा पाठलाग करायचा, तिनं नाक मुरडायचं आणि तिसऱ्या गाण्याला तिनं हो म्हणायचं, असाच शिरस्ता होता. म्हणजे चिकाटी धरली की मुलगी मिळते! मराठी वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ या दोन शब्दांनी सुरू होणारी बातमी तुम्ही-आम्ही किती वेळा वाचली आहे? असल्या गुन्ह्यांचं खापर मी सिनेमावर किंवा खेळावर फोडत नाही. पण समोरच्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे, हे आपल्या गोष्टी मुलांना सांगतात की नाही, एवढं तर विचारायलाच हवं. खेळांतल्या प्रेमाचा इतिहास मला याच बाजूनं वाचावासा वाटतो.

या करंडकाची पहिली फर्मास टर उडवली ती 1990 सालच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’नं. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या साथीदारांचा हा अमेरिकन खेळ. नायक होतकरू चाचा, नायिका एलेन ही बेटाची गव्हर्नर. चाच्यांचं भूत तिला पळवतं आणि जबरदस्तीनं लग्न लावायला निघतं. आपला नायक जिवावर उदार होऊन ऐन लग्नात जाऊन धडकतो आणि पाहतो तर काय, एलेननं स्वतःची सुटका आधीच करून घेतलेली. नवरीच्या पोशाखात दोन माकडं उभी! उलट यानं मध्ये पडून तिच्या बेताचा विचका केलेला असतो. राजकन्येला स्वतःचं डोकं आहे, हे त्या खेळानं हसत हसत सांगितलं.

जपानमध्ये मात्र याच सुमारास दुसरी वाट निघाली. 1994 साली कोनामी कंपनीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ आला. तुम्ही शाळकरी मुलगा. हातात तीन वर्षं. अभ्यास, व्यायाम, कला यांत आपले गुण वाढवायचे, वर्गातल्या मुलींशी मैत्री करायची. शाळेच्या आवारात एक जुनं झाड. निरोपाच्या दिवशी त्याखाली जी मुलगी मनातलं सांगेल, तिचं प्रेम कायम टिकतं, अशी आख्यायिका. यातली गोम अशी की एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केलं, तर तिच्या नावापुढे चक्क बॉम्बचं चित्र येतं. तो फुटला की तुमची बदनामी होते आणि इतर मुलींच्या मनातूनही तुम्ही उतरता. त्याच वर्षी कोएई कंपनीतल्या बायकांच्या एका चमूनं खास मुलींसाठी ‘अँजेलिक’ काढला. तिथे नायिका खेळणाऱ्याच्या हातात आणि निवड तिची. 1996 साली यासुहिरो वादा यांचा शेतीचा खेळ आला, ‘हार्वेस्ट मून’ नावाचा. त्यात नांगरट, गुरंढोरं यांच्याबरोबर गावातल्या मुलीला भेटी देऊन लग्नही जमवता येतं. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं एकट्यानं बनवलेला 2016चा ‘स्टारड्यू व्हॅली’ याच घराण्यातला.

या खेळांत प्रेम आहे, पण ते हिशेबाचं. एवढी फुलं, एवढे गुण, एवढी हृदयं. अर्थात यातही एक चांगलं आहे. समोरच्याचा वाढदिवस कधी, त्याला काय आवडतं, हे लक्षात ठेवावं लागतं. आमच्या पिढीतल्या किती नवऱ्यांना बायकोच्या आवडीची भाजी सांगता येईल? तरीही, नाणं टाकलं की वस्तू बाहेर पडते, त्या यंत्राला आपण हृदय म्हणत नाही.

मग खरं लिखाण आलं कुठून? माझ्या मते, समोरच्या माणसाला भूतकाळ मिळाला तेव्हापासून. 1999 सालच्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या खेळाचा नायक मरत नाही, पण प्रत्येक मरणानंतर त्याची स्मृती पुसली जाते. तो एका शवागारात जागा होतो. तिथे त्याला डेओनारा नावाच्या स्त्रीचं भूत भेटतं. तिचं त्याच्यावर अजून प्रेम आहे आणि याला तिचं नावही आठवत नाही. पुढे कळतं, की मागच्या एका जन्मी यानं तिचं प्रेम ओळखलं होतं आणि ते थंडपणे वापरून घेतलं होतं. ती मेल्यावरही आपल्याशी बांधलेली राहावी, असा तो बेत होता. एका ठिकाणी तिची साठवलेली आठवण तिच्याच मनातून अनुभवायला मिळते. आपण नायक म्हणून खेळत असतो आणि अचानक आपल्या हातून फसलेल्या बाईच्या जागी जाऊन उभे राहतो. गुन्हेगाराला फिर्यादीच्या कातडीत बसवणारा हा प्रसंग कादंबरीकारानंही हेवा करावा असा आहे.

पुढच्याच वर्षी कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’चा दुसरा भाग आला. त्यातली जहीरा ही नायकाची जुनी सोबतीण. कथेच्या सुरुवातीलाच तिला नवऱ्याचं प्रेत सापडतं. पुढे तिच्याशी जवळीक होऊ शकते. पण ते संभाषण तुम्ही म्हणाल तेव्हा होत नाही. वाटचालीत मध्येच, दिवसांच्या अंतरानं, तीच बोलायला येते. विधवेचं दुःख आपल्या घड्याळावर चालत नाही, हे त्या लेखकांना ठाऊक होतं.

2001 सालच्या फुमितो उएदा यांच्या ‘इको’त तर शब्दच जवळजवळ नाहीत. शिंगं घेऊन जन्मलेला म्हणून गावानं किल्ल्यात कोंडलेला मुलगा आणि तिथेच कैदेत असलेली मुलगी. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. आपण एक बटण दाबून धरायचं, म्हणजे त्यानं तिचा हात धरलेला राहतो. बटण सोडलं की हात सुटला. हे प्रेम आहे की नुसती सोबत, खेळ सांगत नाही. पण आपलं बोट दुखू लागतं तरी बटण सोडवत नाही, हे मी स्वतः अनुभवलं. कवितेत मी ‘हात धरला’ असं लिहितो. इथे तो आपल्याला धरून ठेवावा लागतो.

मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो 2011 सालचा ‘टू द मून’. कॅनडातल्या कान गाओ यांचा. चित्रं अगदी साधी, जुन्या खेळांसारखी ठोकळेबाज. जॉनी नावाचा म्हातारा मृत्युशय्येवर आहे. त्याची शेवटची इच्छा, चंद्रावर जायचं. का, ते त्यालाच माहीत नाही. दोन डॉक्टर त्याच्या स्मृतीत शिरून मागे मागे जात राहतात. त्याची बायको रिव्हर आधीच वारली आहे. घरात तिनं घडी घालून केलेले कागदाचे ससे, ढिगानं. ती आयुष्यभर ससे करत राहिली आणि नवऱ्याला दाखवून विचारत राहिली, यात तुला काय दिसतं? त्याला काही उमगलं नाही.

अगदी तळाशी गेल्यावर उलगडा होतो. लहानपणी एका जत्रेच्या रात्री ही दोघं भेटली होती. आकाशातल्या तारकांत त्यांना ससा दिसला होता आणि चंद्र म्हणजे त्याचं गोल पोट. पुढच्या वर्षी इथेच भेटायचं आणि चुकामूक झालीच तर चंद्रावर, असं ठरलं. नंतर जॉनीचा जुळा भाऊ अपघातात गेला, मुलाला धक्क्यातून सावरायला औषधं दिली गेली आणि त्या औषधांबरोबर ती रात्रही पुसली गेली. पुढे शाळेत भेटली, तेव्हा त्याच्या लेखी ती पहिली भेट होती. तिच्या लेखी नव्हती. रिव्हरचं मन चारचौघांसारखं बोलून मोकळं होणारं नव्हतं. म्हणून ती ससे करत राहिली. आणि तो विसरला होता तरी त्याच्या मनाच्या तळाशी चंद्र तेवढा शिल्लक राहिला होता. हा खेळ संपला तेव्हा मी भाचीकडे पाहिलं नाही. तिनंही समजूतदारपणे माझ्याकडे पाहिलं नाही.

आता ‘नाही’कडे येतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 2015 सालचा ‘द विचर 3’ आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेला. नायक गेराल्टनं पूर्वी एका जिन्नाकडे मागणं मागून स्वतःचं आणि येनेफर या जादूगारणीचं नशीब एकत्र बांधलेलं. खेळात येनेफर दुसरा जिन्न शोधते, कशासाठी, तर ते बंधन तोडायला. आपण एकमेकांवर प्रेम करतो ते मनानं, की जादूनं, हे तिला जाणून घ्यायचंय. बर्फाळ डोंगरमाथ्यावर अडकलेल्या जहाजात ते बंधन तुटतं. तिच्या मनात काहीच बदललेलं नसतं. आता उत्तर तुम्ही द्यायचं. ‘माझंही तसंच’ म्हणता येतं आणि ‘ती जादूच होती’ असंही म्हणता येतं. खरं उत्तर देण्याची मोकळीक आहे, म्हणून ‘हो’ला किंमत आहे. आणि ज्यांना वाटतं की येनेफरही हवी आणि दुसरी जादूगारीण ट्रिसही, त्यांची त्या दोघी मिळून अशी फजिती करतात, की दोघीही जातात आणि नायक बांधलेल्या अवस्थेत मागे उरतो!

2023 साली बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग काढला. त्यातला ॲस्टेरियन दोनशे वर्षं एका क्रूर धन्याचा गुलाम होता. लोकांना रूपाच्या मोहात पाडून धन्याकडे आणायचं, हे त्याचं काम. तो तुमच्याशीही लाडीगोडी करतो आणि पुढे एके दिवशी कबूल करतो, की हे मी जीव वाचवायला करत होतो. त्या वेळी काही न मागता नुसतं सोबत राहणंही तुम्हाला निवडता येतं. 1981च्या सुतारापासून इथपर्यंत यायला 42 वर्षं लागली.

आणि भाचीला रडवणारा खेळ? तो ‘फ्लॉरेन्स’. 2018 साली व्हॅलेंटाइन दिनालाच आलेला, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या केन वाँग यांच्या चमूचा. जेमतेम अर्ध्या तासाचा. कचेरीत आकडेमोड करणारी फ्लॉरेन्स आणि चेलो वाजवणारा, नावारूपावरून भारतीय वंशाचा क्रिश. पहिल्या भेटीत तिला बोलायचं असतं, तर आपल्याला कोड्याचे तुकडे जुळवून तिच्या बोलण्याचा फुगा पूर्ण करावा लागतो. सुरुवातीला तुकडे पुष्कळ. ओळख वाढते तसे ते कमी होत जातात, शेवटी तर बोलणं सहज जुळतं. पुढे भांडण होतं, तेव्हा तुकड्यांना टोकं फुटलेली असतात. तो तिच्या घरी राहायला येतो, तेव्हा त्याच्या वस्तूंसाठी फळीवर जागा करायची ती आपणच आणि शेवटी त्या खोक्यात भरायच्या त्याही आपणच. त्यांना एकत्र ठेवणारं बटण खेळात कुठेच नाही. कुणी वाईट नसतं. तिनं त्याला संगीत शिकायला बळ दिलेलं असतं, त्यानं तिला रंग आणून दिलेले असतात. तो जातो, रंग राहतात आणि ती चित्रकार होते.

परवा भाचीच्या घरी पुन्हा गेलो, तर ती तोच खेळ परत खेळत होती. म्हटलं, "अगं, शेवट बदलतो का?"

"नाही मामू."

"मग परत कशाला?"

"मधला भाग चांगला आहे ना," ती म्हणाली आणि फळीवर त्याचे बूट मांडू लागली.