स्लाइड फिल्म : डब्यावर ५० लिहिलंय, मग कॅमेऱ्यात ४० का लावतात?

फिल्म कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या कोणालाही विचारा, स्लाइड फिल्मचं नाव निघालं की तो जरा दबकूनच बोलतो. कारण इथे चुकीला माफी फार कमी आहे.

असं का?

साध्या निगेटिव्ह फिल्मवरून नंतर प्रिंट काढली जाते, त्या वेळी थोडा कमी-जास्त प्रकाश सांभाळून घेता येतो. स्लाइडमध्ये मात्र कॅमेऱ्यातली फिल्मच अंतिम फोटो असते. प्रकाश जास्त पडला तर तो भाग पारदर्शक होतो, तिथे रंग उरतच नाही. कमी पडला तर सावल्या काळ्याकुट्ट. एक स्टॉपची चूक निगेटिव्हमध्ये सहज खपते, स्लाइडमध्ये लगेच दिसते.

मग आकडा का बदलायचा?

डब्यावरचा आयएसओ हा कंपनीने ठरावीक पद्धतीने मोजलेला असतो. पण तुमच्या कॅमेऱ्याचा मीटर, शटरचा वेग आणि तुमची आवड वेगळी असू शकते. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया ५० अनेक फोटोग्राफर ४० वर वापरत. म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, साधारण २५ टक्के जास्त प्रकाश. त्यामुळे तिच्या गडद सावल्या थोड्या उघडतात. उलट कोडॅक्रोम ६४ काही जण ८० वर लावत, रंग अधिक गडद यावेत म्हणून.

लक्षात ठेवा : आकडा लहान, तर प्रकाश जास्त.

तुमचा आकडा कसा शोधाल?

१. एक रोल चाचणीसाठी ठेवा. स्वच्छ उन्हात, एकाच दृश्याचे २५, ३२, ४०, ५० आणि ६४ वर फोटो घ्या.
२. प्रत्येक फ्रेमचा आकडा वहीत लिहा.
३. धुतलेल्या स्लाइड लाइटबॉक्सवर शेजारी शेजारी ठेवून बघा. पांढऱ्या कपड्याच्या चुण्या दिसतायत आणि सावलीतही तपशील आहे, तोच तुमचा आकडा.

तुमच्या कॅमेऱ्यात आयएसओ आपोआप ठरत असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १/३ वर ठेवा. परिणाम तोच.

इथे हमखास गोंधळ होतो

५० ची फिल्म ४० वर वापरली तरी लॅबला ‘नॉर्मल’ धुवायला सांगायचं. १०० ची फिल्म २०० वर वापरली असेल, तर मात्र ‘एक स्टॉप पुश’ असं स्पष्ट सांगावं लागतं. पुश पूर्ण रोलला लागतो, त्यामुळे मध्येच आकडा बदलू नका.

आणि शंका आली तर? दृश्यातल्या उजळ भागाकडे बघून प्रकाश ठरवा. महत्त्वाचा क्षण असेल तर अर्धा स्टॉप वर आणि अर्धा खाली असे आणखी दोन फोटो घ्या. दोन फ्रेम वाया गेल्या तरी चालतील, तो क्षण परत येणार नाही.