गटारांच्या हिशेबातली माती

मुंबई का तुंबते, याचे उत्तर तिच्या पावसाळी गटारांच्या जुन्या हिशेबातच आहे. ब्रिटिश काळापासूनची ही गटारे ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने आखलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. आणि पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीतच मुरेल, असे त्यात धरले होते. म्हणजे मोकळी माती, वाड्या आणि खाजणे हा त्या योजनेचाच अर्धा भाग होता. पुढे शहराने गटारे ठेवली आणि हा अर्धा भाग घालवला. धोबी तलावाचे नुसते नाव उरले, गवालिया तलावाचे मैदान झाले, मिठी नदीच्या मुखाजवळच्या खाजणांवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. पावसाळी गटारांच्या सुधारणेसाठीच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने जमिनीत काहीच मुरत नाही असे धरूनच ताशी 50 मिलिमीटरची क्षमता सुचवली. मातीचे खाते तेव्हाच कागदावरूनही बंद झाले.

पाणी पुन्हा मातीत मुरवायचे म्हटले, की आक्षेप येतात. तळी-विहिरी बुजवल्या त्या मलेरियाच्या धास्तीने, हा पहिला आक्षेप खोटा नाही. डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या मुंबईतल्या मलेरियावरील 1911च्या अहवालानंतर या कामाला जोर आला. पण त्या अहवालात मुख्य ठपका होता तो डास पोसणाऱ्या उघड्या विहिरींवर आणि टाक्यांवर. डासाची पैदास पुरी व्हायला आठवडाभर पाणी साचून राहावे लागते. पाऊस मुरवण्यासाठी खोलगट केलेल्या, नीट बांधलेल्या पाझरबागेतले पाणी एक-दोन दिवसांत मुरते. दुसरा आक्षेप 26 जुलै 2005चा. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो कुठल्याही बागेने जिरवला नसता, हे मान्यच आहे. तसा तो गटारांनीही वाहून नेला नसता. प्रश्न आहे तो भरतीच्या वेळी येणाऱ्या नेहमीच्या जोरदार सरींचा. तिथे मातीने तासभर धरून ठेवलेले पाणीही गटाराला उसंत देते.

जागा नाही, हा तिसरा आक्षेप तर पालिकेनेच खोडला आहे. दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसराचे पाणी साठवायला तिने अलीकडे दादर-परळमध्ये उद्यान आणि मैदानाखाली टाक्या बांधल्या. म्हणजे तलावाची गरज पटली आहे. आता मातीचीही पटावी. प्रत्येक नव्या बांधकामाला परवानगी देताना त्या भूखंडात किती पाऊस मुरणार, हा आकडा मागायलाच हवा.