दिनविशेष : २३ जानेवारी – हवेवर नजर ठेवणारा ‘इबुकी’

२३ जानेवारी २००९. जपानच्या तानेगाशिमा बेटावरून ‘इबुकी’ अर्थात ‘गोसॅट’ उपग्रह अवकाशात झेपावला. खास कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजण्यासाठी सोडलेला हा पहिला उपग्रह. त्याची आकडेवारी जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

त्याच्या एका नोंदीत जमिनीचा सुमारे १० किलोमीटर व्यासाचा तुकडा येतो. लोणारचे अख्खे विवर गावासकट मावावे एवढा. धूर सोडला श्रीमंत देशांनी, मग मोजणी बुलढाण्याच्या कापूस-सोयाबीनवाल्याच्या डोक्यावरच्या हवेची कशाला? आक्षेप रास्त आहे. पण मोजणीच नसेल तर हवामानबदलाच्या वाटाघाटीत आपल्या नावावर इतरांनी काढलेले सरासरी अंदाज चढतात, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसासारखे भांडायला हाती कागद उरत नाही. उपग्रह आला म्हणजे सगळे भागले, असेही नाही. पावसाळ्यात ढगांआडून त्याला आपली जमीन फारशी दिसत नाही, आणि भातखाचरांतून मिथेन सुटण्याचा मुख्य हंगाम नेमका तोच. ही फट जमिनीवरूनच बुजवावी लागते. गोव्यातल्या काबो द रामा इथली हवा १९९३ पासून बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत तपासली जाई. २००२ नंतर त्यात काही वर्षांचा खंड पडला, आणि हवेच्या नोंदीत पडलेला खंड मागाहून भरता येत नाही. सिंहगडावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने २००९ मध्ये असेच नमुने घ्यायला सुरुवात केली. मात्र किनाऱ्यावरच्या आणि घाटमाथ्यावरच्या बाटल्यांवरून वऱ्हाडातल्या हवेचा हिशेब नेमका लागेलच, असे नाही.