देशाचं पहिलं रॉकेट एका चर्चमध्ये जोडलं गेलं होतं

सायकलवरच्या रॉकेटचा फोटो परत ग्रुपवर फिरतोय. खाली नेहमीचं वाक्य, 'भारताचं पहिलं रॉकेट सायकलवरून नेलं'. मंडळी, फोटो खरा आहे, ओळ चुकीची. तो आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६ साली काढलाय आणि सायकलवर आहे ते रॉकेटचं नुसतं टोक. त्याच्यासोबत येणारा बैलगाडीचा फोटो तर १९८१चा, ॲपल उपग्रहाचा. तिथे बैलगाडी गरिबीपायी नव्हती. अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको म्हणून लाकडी गाडी आणली होती.

पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ला, केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा नावाच्या मच्छीमार गावातून. आज त्याच्याबद्दल लिहितोय कारण सध्या तेच रॉकेट मी पुठ्ठ्याच्या किटमधून बांधतोय. माप एकास वीस. मदतीला गल्लीतली तीन पोरं. उडवायचं नाही, कपाटावर ठेवायचं, हे त्यांना पटायला दोन संध्याकाळी गेल्या.

रॉकेटचं नाव नायकी-अपाचे. दिसायला विचित्रच. खालचा टप्पा जाडजूड, वरचा त्याच्या निम्म्याहूनही बारीक. एक पोरगं म्हणालं, काका, दोन किटचे तुकडे मिसळलेत. तसं ते चूक नाही म्हणा! खालचं नायकी हे मुळात विमानं पाडणाऱ्या अमेरिकन क्षेपणास्त्राचं इंजिन. त्यावर अपाचे नुसतं खोचून बसवायचं, बोल्ट नाही, काही नाही. नायकी साडेतीन सेकंदांत जळून संपतं. मग जाड असल्यामुळे त्याला हवा जास्त अडवते, ते मागे पडतं आणि अपाचे आपोआप सुटून पुढे जातं. म्हणून आमच्या मॉडेलमध्येही तो एक जोड गोंद न लावता ठेवलाय. पोरं दिवसातून दहा वेळा ते वेगळं करतात.

आता खरी गंमत. १९६३चं ते रॉकेटही आपल्यासाठी एक किटच होतं. रॉकेट अमेरिकेच्या नासाने दिलेलं, आत भरलेलं सोडियम-वाफेचं उपकरण फ्रान्सचं. जोडणारे हात मात्र आपल्या पोरांचे, अमेरिकेत जाऊन शिकून आलेले. जोडणीची आणि सुरक्षेची जबाबदारी अब्दुल कलाम यांच्याकडे. उलटी मोजणी केली पुण्याच्या प्रमोद काळे यांनी, तेव्हा वय बावीस. आणि जोडणीची जागा? गावातलं सेंट मेरी मॅग्डलीन चर्च.

थुंबाच का, तर पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त-रेषा तिथून जाते. त्या रेषेवर साधारण शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह त्याच्या बराच वरून फिरतो, म्हणजे रॉकेटच हवं. विक्रम साराभाईंसाठी जागा शोधण्यात आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. समुद्रकाठ, नारळी, कोळ्यांची घरं, मध्ये चर्च. वर्णन ऐकून तुम्हाला कुठलं गाव आठवलं ते सांगायला नको. फरक एवढाच की आपलं चर्च तारा बघत निघालेल्या तीन राजांच्या नावाचं आहे.

गाव हलवायचं होतं, चर्चसकट. कलामांनी लिहिलंय की साराभाई आधी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपनी परस्पर हो म्हटलं नाही, रविवारी या म्हणाले. त्या रविवारी मिस्सेत सगळ्या गावासमोर विषय मांडला: हे लोक कोण, काय करणार, आपल्याला काय सोडावं लागणार. आणि विचारलं, द्यायचं का? लोक 'आमेन' म्हणाले. पुढे नवी वस्ती झाली, नवं चर्च झालं. मला ही गोष्ट आवडते, पण ती सांगितलीय शास्त्रज्ञांच्या बाजूने. ज्या बाईचं घर आणि होडी ओढायचा किनारा गेला, तिने ती कशी सांगितली असती? तरीही एक गोष्ट उरतेच. विचारलं होतं. तोंडावर, गावाच्या जागेत, गावाच्या भाषेत. आपल्या बेटावर पर्यटनाच्या सेझचा प्रस्ताव आला, तो मला तरी पेपरात वाचून कळला होता. मोर्चे त्यानंतर निघाले.

उड्डाणाच्या दिवशीही सगळं सुरळीत नव्हतं. रॉकेट ट्रकवरून लॉन्चरपाशी आलं आणि क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली. शेवटी माणसांनी हाताने उचलून चढवलं. नांगरून ठेवलेली होडी दहा जणांनी खांद्यावर घेतात, तसंच. सूर्य बुडाल्यावर उडवलं, तेही मुद्दाम. खाली अंधार, पण वर अजून ऊन. त्या उन्हात सोडियमची वाफ नारिंगी चमकते आणि ती कशी वाहते यावरून वरच्या वाऱ्याचा वेग काढता येतो. केरळभर लोकांनी तो नारिंगी ढग पाहिला.

स्वतःचं रॉकेट यायला अजून चार वर्षं लागली. २० नोव्हेंबर १९६७, रोहिणी आरएच-७५. जाडी ७५ मिलिमीटर, म्हणून नाव ७५. त्या काळी त्याला खेळणं म्हणून हसणारेही असतील. चर्चची ती जुनी इमारत आज अंतराळ संग्रहालय आहे, तिरुवनंतपुरमला गेलात तर बघून या.

पोरांचा पुढचा बेत ठरलाय. प्लंबिंगच्या दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, म्हणजे आरएच-७५ खऱ्याच जाडीचं बनवता येईल. टोकासाठी काय वापरावं यावर भांडण चालू आहे. कुणाकडे नारळाच्या झाडाचं लाकूड आणि ते तासायला वेळ असेल तर कळवा, पाइप मी आणून ठेवलाय.