चेतक हेलिकॉप्टरची प्लास्टिक प्रतिकृती

चेतक हेलिकॉप्टरची प्लास्टिक प्रतिकृती म्हणजे भारतीय सैन्यदलांनी वापरलेल्या चेतक या हलक्या हेलिकॉप्टरचे, सुट्या भागांच्या संचातून जोडलेले प्रमाणबद्ध लहान रूप होय. चेतक हे मूळ फ्रेंच 'अल्युएट ३' या हेलिकॉप्टरचे भारतात परवान्याने बनवलेले रूप असल्याने प्रतिकृतीसाठी सहसा अल्युएटचाच संच घेतला जातो आणि जोडणी, रंग व चिन्हे यांच्या साहाय्याने त्याचा चेतक केला जातो. अशी प्रतिकृती उडत नाही. त्यामुळे उडत्या नमुन्यांच्या छंदापेक्षा (एरोमॉडेलिंग) हा छंद वेगळा मानतात.

मूळ हेलिकॉप्टर

अल्युएट ३ चे पहिले उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. फ्रेंच भाषेत 'अल्युएट' म्हणजे चंडोल पक्षी. १९६२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीने त्याच्या निर्मितीचा परवाना घेतला आणि बंगळूर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. भारतात त्याला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले. वैमानिकासह सात जणांना नेणारे हे यंत्र वायुसेना, नौदल, भूदल आणि तटरक्षक दल या चारही ठिकाणी वापरले गेले. जखमींची ने-आण, समुद्रातील शोध व सुटका, टेहळणी ही त्याची मुख्य कामे होत. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात 'किलो फ्लाइट' या तुकडीने रॉकेटसज्ज अल्युएटचा वापर केला. महाराष्ट्रात चेतकचा संबंध विशेषतः नाशिक येथील भूदलाच्या हवाई प्रशिक्षण शाळेशी आणि मुंबईत कुलाब्याच्या 'आयएनएस शिक्रा' या नौदल तळाशी येतो.

चेतक आणि चीता ही नावे सारखी वाटल्याने संच निवडताना गोंधळ होतो. चीता हे 'लामा' या हेलिकॉप्टरचे भारतीय रूप असून त्याची शेपटी उघड्या जाळीची आहे व खाली चाकांऐवजी घसरपट्ट्या आहेत. चेतकची शेपटी पत्र्याने झाकलेली असून त्याला तीन चाके असतात. एका संचातून दुसरे हेलिकॉप्टर करता येत नाही. शेपटीपासून सर्वच बदलावे लागते.

संच आणि प्रमाण

प्लास्टिकचे प्रतिकृती संच ब्रिटनमध्ये १९३६ पासून 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने विकले जाऊ लागले. ते सेल्युलोज अॅसिटेटचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक रूढ झाले आणि 'एअरफिक्स'सारख्या कंपन्यांमुळे हा छंद स्वस्त झाला. अल्युएट ३ चे संच 'हेलर' या फ्रेंच कंपनीने काढले आहेत. तापवून पातळ केलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. भाग थंड होऊन बाहेर येतात तेव्हा ते प्लास्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात.

या छंदात प्रमाणाला मोठे महत्त्व आहे. अल्युएट ३ च्या मुख्य पंख्याचा व्यास ११.०२ मीटर व धडाची लांबी १०.०३ मीटर आहे. १/७२ प्रमाणात हा पंखा १५.३ सेंटिमीटरचा आणि धड सुमारे १४ सेंटिमीटरचे होते. १/४८ प्रमाणात पंखा जवळपास २३ सेंटिमीटरचा होतो. याच हिशेबाची उलटी बाजू नवशिक्याच्या लक्षात येत नाही. १/७२ च्या संचातील पारदर्शक भाग एक मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या हेलिकॉप्टरवर ती काच ७.२ सेंटिमीटर जाड झाली. पात्यांच्या कडा आणि दारांच्या चौकटी कानशीने बारीक करण्याची धडपड त्यामुळेच असते.

जोडणी

देठ चिमटीने न मोडता कटरने किंवा चांगल्या नेलकटरने कापतात आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने घासतात. पॉलिस्टायरीनचे सिमेंट हा नेहमीच्या अर्थाने डिंक नाही. त्यातील द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो व दोन्ही भाग एकजीव होतात, म्हणून ते जास्त लावले की तपशील वितळून जातात. काम उघड्या खिडकीजवळ करावे, कारण द्रावकाची वाफ श्वासाला अपायकारक असते.

विमानाच्या संचात आतला भाग बहुधा दिसत नाही. चेतकमध्ये नेमके उलटे आहे. वैमानिकाची पुढची बाजू जवळजवळ पूर्ण काचेची असल्याने आसने, फलक, जमीन, पट्टे हे सर्व धड बंद करण्याआधी रंगवून व्हावे लागते. काच बसवताना झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट डिंक वापरल्यास त्याच्या वाफेने काचेवर पांढरट साय चढते. ती पुसून जात नाही. येथे फेविकॉलसारखा पांढरा डिंक पुरतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या काडीने निघतो.

काचेमुळे आणखी एक अडचण येते. तीन चाकांच्या हेलिकॉप्टरचे मागचे वजन अधिक झाले की प्रतिकृती शेपटीवर बसते. इतर संचांत नाकाच्या पोकळीत मासेमारीच्या गळाचे शिसे भरून ही गोष्ट टाळतात. चेतकच्या नाकात मात्र काचेतून सर्व दिसते. तेव्हा वजन केबिनच्या जमिनीखाली वा आसनांखाली चपटे करून लपवावे लागते, आणि तेही धड चिकटवण्यापूर्वी चाके तात्पुरती लावून तपासून. हा टप्पा चुकला तर प्रतिकृती उघडण्यावाचून उपाय नसतो.

टर्बाइन इंजिन केबिनच्या मागे आच्छादनाशिवाय उघडे बसवलेले असल्याने नळ्या, धुराडे आणि टाक्या वेगवेगळ्या धातुरंगांत रंगवल्या, की संचातील साध्या गोळ्याचे रूप पालटते.

पंखा ही खरी कसोटी होय. अल्युएट ३ ला मुख्य पंख्याची तीन पाती आहेत आणि ती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. अनेक अमेरिकी हेलिकॉप्टरांचा पंखा उलट दिशेने फिरतो. म्हणून सवयीने पाती बसवणाऱ्याकडून पात्याची गोलसर पुढची कड मागे जाते. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने टोकाकडे किंचित झुकलेली असतात. संचातील पाती सरळ असतात. ती गरम पाण्यात धरून हलक्या हाताने वाकवतात, मात्र तिन्हींचा झुकाव सारखा हवा. पात्यांच्या मुळांमध्ये बारीक तारा ताणलेल्या असतात. त्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून, ओढून काढलेल्या प्लास्टिकच्या तंतूने दाखवता येतात.

रंग आणि चिन्हे

संचात येणारी चिन्हे बहुधा फ्रेंच वा अन्य युरोपीय दलांची असतात. भारतीय चेतकसाठी ती स्वतंत्र मिळवावी वा छापून घ्यावी लागतात. वायुसेनेच्या गोल चिन्हात बाहेरील कडे केशरी, मधले पांढरे आणि आतील वर्तुळ हिरवे असते. हा क्रम उलटा केलेल्या प्रतिकृती अनेकदा दिसतात. रंग व क्रमांक दलाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत गेले, त्यामुळे एक ठरावीक हेलिकॉप्टर व एक ठरावीक वर्ष निवडून त्याच्याच छायाचित्रावरून काम करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात चेतक जवळून पाहता येते. छायाचित्रांत न दिसणारा पोटाचा भाग आणि चाकांची मांडणी तेथे टिपून घेता येते.

महाराष्ट्रातील पावसाळा या कामाला अनुकूल नाही. दमट हवेत फवारलेल्या लॅकरचा पृष्ठभाग ओल धरून पांढुरका पडतो, म्हणून बरेच जण जोडणी पावसाळ्यात आणि रंगकाम दसऱ्यानंतर करतात. रंगावर आधी चकचकीत वार्निश चढवल्यास पाण्यात भिजवून सोडवलेली चिन्हे नीट बसतात, नाहीतर त्यांच्या पारदर्शक कडा चांदीसारख्या चमकतात. शेवटी मंद वार्निशचा हात देतात आणि काचांवर लावलेली चिकटपट्टी काढतात.