व्यवसायाचें स्थलांतर: कृष्णाकांठचा अनुभव

ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची मानली जाते. पेठांतील दुकानांचे तळमजले बुडाले. आणि ज्यांचें दप्तर तळमजल्यावर होतें, त्यांची कीर्द, खतावणी आणि संगणक हीं एकदमच पाण्याच्या स्वाधीन झालीं. नासलेल्या मालाची मोजदाद करतां येते. परंतु कोणाकडून किती येणें आहे आणि कोणाचें किती देणें आहे हेंच जेथें वाहून गेलें, तेथें पुन्हां व्यवहाराला आरंभ कोठून करावयाचा?

अशा प्रसंगानंतर कुपवाड, मिरज किंवा सातारा येथील औद्योगिक वसाहतींतल्या चालकांपुढें एक प्रश्न उभा राहतो. हिशेब, साठ्याच्या नोंदी, यंत्रांचे नकाशे, पगारपत्रकें हीं सर्व आपल्याच इमारतींतील संगणकांत ठेवावीं, कीं दूरच्या संगणकगृहांत भाड्यानें जागा घेऊन तेथें हलवावीं? या दुसऱ्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. नांवांत ढग असला तरी हें दप्तर कोणाच्या तरी जमिनीवर, कोणाच्या तरी विजेवर आणि कोणाच्या तरी कुलपांत असतें. यंत्र नवें असलें तरी प्रश्न जुनाच आहे. अत्यंत गरजेची वस्तु आपल्या आवाराबाहेर न्यावी काय, आणि नेल्यास हातीं काय राखावें, याचा विचार कृष्णाकांठानें पूर्वींहि केला आहे.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथें जमिनींत खोल पेवें खणून हळद साठविण्याची वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालली. पेवाचें तोंड बंद केलें म्हणजे आंत हवा खेळत नाहीं, किडीला वाव राहत नाहीं आणि हळद वर्षानुवर्षें टिकते. हळदीचा धनी एक, पेवाचा धनी दुसरा, अशी व्यवस्था असे. व्यापाऱ्याचा वखार बांधण्याचा खर्च वांचे आणि भाव येईपर्यंत माल सुखरूप राही. क्लाउडच्या पुरस्कर्त्यांचा आजचा युक्तिवाद याहून फारसा निराळा नाहीं. पण २००५ च्या महापुरांत नदीचें पाणी या पेवांत शिरलें आणि साठविलेली हळद नासली. एखाद्यानें आपला माल दहा पेवांत वांटून ठेवला असता, तरी तीं दहाहि पेवें एकाच नदीच्या एकाच कांठावर होतीं. माल विभागला जाई. धोका विभागला जात नसे.

दुसरें उदाहरण संबंध कारखान्याच्या स्थलांतराचें आहे. किर्लोस्कर बंधूंनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तेथेंच कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर बनविण्यास सुरुवात केली. इतक्यांत शहराची नवी वसाहत वसविण्यासाठीं नगरपालिकेनें त्यांची जागा मागितली. त्या अडचणींत औंधचे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आश्रय दिला, आणि १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळावर कारखाना आला. हा भाग आज सांगली जिल्ह्यांतील पलूस तालुक्यांत मोडतो. तेव्हां तेथें निवडुंग आणि साप यांचेंच राज्य होतें.

जागा ओसाड असली तरी ती आगगाडीच्या वाटेवर होती. यंत्रें आणण्यास आणि माल धाडण्यास मार्ग होता. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम जाणणारीं माणसें बरोबर आलीं. व्यवस्था रामूअण्णा पाहत, कारखान्यांतील यंत्रकाम शंभोराव जांभेकर पाहत आणि हिशेब मंगेशराव रेगे सांभाळीत. आश्रय राजाचा होता, परंतु नांगर कसा ओतावा आणि उधारी कशी वसूल करावी याचें ज्ञान कारखान्याचें स्वतःचें होतें. म्हणूनच १९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें तरी कारखाना उभाच राहिला. आश्रयदाता नाहींसा झाल्यावरहि चालूं शकेल, असें तें स्थलांतर होतें.

तिसरा धडा सातारा जिल्ह्यांतील कोयनेचा. एके काळीं ज्याला यंत्र चालवावयाचें असे त्याला स्वतःचें इंजिन ठेवावें लागे. दूरवरून तारेनें वीज येऊं लागल्यावर हा भार उतरला. वापरावी तितकीच वीज आणि तेवढेंच बिल. १९६२ सालीं कोयनेची वीजनिर्मिति सुरू झाली आणि तिच्यावर मुंबईपर्यंतचे कारखाने विसंबूं लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगरला भूकंप झाला. वीजनिर्मिति थांबली आणि सह्याद्रीपलीकडे मुंबईंत दिवे व यंत्रें बंद पडलीं. म्हणून कोणी विकतची वीज सोडली नाहीं, आणि सोडणें शहाणपणाचेंहि नव्हतें. पण रुग्णालयासारख्या जागीं, जेथें क्षणाचाहि खंड चालत नाहीं, तेथें पर्यायी जनित्र लागतेंच.

संगणकाच्या बाबतींत हें विकतच्या विजेचें युग २००६ च्या सुमारास आलें. त्या वर्षीं ॲमेझॉननें साठवण आणि गणनशक्ति भाड्यानें देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत आपलीं केंद्रें उघडलीं. ऑगस्ट २०२२ मध्यें कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, संगणकावरील हिशेबवह्यांची प्रत भारतांतीलच संगणकावर रोजच्या रोज ठेवणें बंधनकारक झालें. तेव्हां दप्तर कोणत्या शहरांत आहे हें चालकाला ठाऊक असलेंच पाहिजे.

स्थलांतराची आंखणी करणाऱ्या चालकानें आधीं आपल्या सर्व नोंदींची यादी करावी आणि कोणती कोणावर अवलंबून आहे तें पाहावें. विक्रीची नोंद हलली आणि साठ्याची मागें राहिली, तर दोन्हीं निरुपयोगी होतात. ज्यांवाचून कांहीं दिवस निभेल अशा नोंदी प्रथम हलवाव्या, पगार व हिशेब शेवटीं. आणि कांहीं काळ जुनें व नवें दप्तर जोडीनें चालवून रोजचा मेळ घालावा. दुसरी प्रत निराळ्या शहरांत असावी, कारण एकाच कांठावरचीं दोन पेवें म्हणजे एकच पेव. करार करतांना, तो संपल्यावर आपल्या नोंदी कोणत्या रूपांत, किती खर्चांत आणि किती दिवसांत परत मिळतील हें लिहून घ्यावें. आणि जुन्या यंत्राबरोबर जुना कारकून निकालांत काढूं नये. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या अटीवर उधार दिलें हें पुष्कळदां त्याच्याच स्मरणांत असतें. त्याला नवें काम शिकविण्याचा खर्च यंत्रांच्या भाड्याइतकाच खरा आहे, तरी अंदाजपत्रकांत तोच प्रथम कापला जातो.

एवढें करूनहि खरी परीक्षा राहतेच. वर्षांतून एक दिवस, पावसाळा लागण्यापूर्वीं, नदी ५७ फुटांवर आली आहे असें धरून कचेरीला कुलूप लावावें आणि दुसऱ्या गांवीं बसून खतावणी परत उभी करून पाहावी. ती किती तासांत उभी राहते, तो आंकडा चालकानें आपल्या मेजावर लिहून ठेवावा.