गोळीवरचा पापुद्रा

तांब्याच्या फिरत्या कढईत गोळ्या घोळवत ठेवायच्या आणि वरून साखरेचा पाक थोडाथोडा सोडत राहायचा, ही रीत औषधनिर्मात्यांनी मिठाईवाल्यांकडून उचलली. एका घाण्याला कधी काही दिवस लागत, आणि गोळीचे वजन दुपटीच्या घरात जाई. १९५०च्या दशकात अमेरिकेत ॲबट कंपनीने पॉलिमरचा पापुद्रा चढवलेली गोळी बाजारात आणली. अशा पापुद्र्याने वजन वाढते ते जेमतेम २ ते ४ टक्के.

पण नुसता पॉलिमर मोठा हट्टी. पापुद्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोज या पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. द्रावक उडून जाताना पापुद्रा आकसतो. मग गोळीच्या कडेला तडे जातात, नाहीतर तो कोरलेल्या अक्षरांच्या खाचांवर ताणून बसतो आणि अक्षरेच बुजतात. यावरचा उपाय जिलेटिनच्या कॅप्सूल करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता: ग्लिसरीन. त्याचे किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे छोटे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतात. प्रमाण जास्त झाले, तर मात्र गोळ्या एकमेकींना चिकटतात.

पापुद्र्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात ते पांढरेपणासाठी आणि उजेडापासून औषध वाचवण्यासाठी. पण त्याचे कण कडक असतात. १९७० आणि ८०च्या दशकांत इंग्लंडमध्ये आर. सी. रो यांनी अशा रंगकणांमुळे पापुद्र्यावर येणारा ताण आणि तडे यांचा बारकाईने अभ्यास केला. भिंतीच्या रंगांचा जुना नियम इथेही लागू पडतो: एका मर्यादेपर्यंत प्रत्येक कणाभोवती पॉलिमर पुरतो, त्यापुढे मध्ये पोकळ्या राहतात आणि पापुद्रा सच्छिद्र होतो.

खरा पेच औषधाचाच. आयबुप्रोफेन काही पॉलिमरांत विरघळते आणि ग्लिसरीनसारखेच त्यांना मऊ करते, म्हणजे ज्याला झाकायचे तेच आवरणाची घडण बदलते. विरघळण्याची मर्यादा ओलांडली, की जादा औषध स्फटिक होऊन वेगळे पडते. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीत औषध पॉलिमरच्या थरातच भरलेले असते, त्यामुळे तिथे हा दोष फार महागात पडतो. पार्किन्सनच्या आजारावरची रोटिगोटिनची पट्टी २००८मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण थरात हिमकणांसारखे स्फटिक धरू लागले होते आणि त्वचेत उतरणारे औषध त्यामुळे कमी पडण्याची भीती होती. घटकांचे मिश्रण बदलून ती २०१२मध्ये तिथे पुन्हा आली.